या सांध्यात आता किती पावलं शिल्लक आहेत?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. माझ्या पत्नीचा उजवा खुबा अकरा वर्षांपूर्वी बदलला. तेव्हा ती ५१ वर्षांची होती. रुग्णालयानं दिलेल्या कार्डावर ३२ मिलिमीटरचा कोबाल्ट-क्रोम गोळा, क्रॉसलिंक्ड पॉलिइथिलीनचा लायनर आणि टायटॅनियमचा दांडा असं लिहिलेलं आहे. मी कारखान्याच्या देखभाल विभागात २९ वर्षं फिटर होतो. फिरणारी वस्तू झिजतेच आणि तिच्या फेऱ्या मोजलेल्या असतात, हे मला कुणी शिकवायला नको. चार महिन्यांपूर्वी आमच्या परिचयातल्या एकांचा, २६ वर्षांपूर्वी बसवलेला खुबा प्लास्टिक झिजल्यामुळे पुन्हा उघडावा लागला. त्या दिवसापासून मी पत्नीचं सकाळचं फिरणं बंद केलं. आधी ती दिवसाला सहाएक हजार पावलं चालायची. आता मनगटावर पावलं मोजायचं यंत्र बांधलंय आणि १५०० च्या वर जाऊ देत नाही. ती माझ्यावर चिडलेली असते. मला तीन गोष्टी सांगा. या सांध्यात आता किती पावलं शिल्लक आहेत? ग्रीसिंग करतात तसं वंगणाचं इंजेक्शन देता येतं का? आणि बिघाड व्हायच्या आधीच प्लास्टिक बदलून घ्यावं का, जमल्यास सिरॅमिक घालून? तिला दुखत काहीच नाही, त्यामुळे गेल्या सात वर्षांत एक्स-रे काढलेला नाही.

(पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे: "मला चालायला जायचंय.")

उत्तर

नमस्कार.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. वहिनींच्या मनगटावरचं ते यंत्र काढा, आणि हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन एक्स-रे काढा. जे वाचवण्यासाठी तुम्ही चार महिने धडपडताय, ते वाचवून फारसं काही हाती लागणार नाही. आणि जे बघायला हवं होतं, ते मात्र सात वर्षांत कुणी बघितलेलं नाही.

तुम्ही फिटर आहात, त्यामुळे नुसतं "काळजी करू नका" म्हटलेलं तुम्हाला पटणार नाही हे मला कळतं. मीसुद्धा बरीच वर्षं प्रयोगशाळेत कृत्रिम खुबे आणि गुडघे यंत्रावर चालवून त्यांची झीज मोजण्यात घालवली आहेत. तेव्हा आपण दोघं मिळून हिशेबच मांडू.

सहा हजार पावलं म्हणजे उजव्या पायाची तीन हजार. वर्षाला साधारण ११ लाख फेऱ्या. खुबे तपासण्याच्या यंत्रांवरही दहा लाख फेऱ्या म्हणजे एक वर्षाचं चालणं असाच ढोबळ हिशेब धरतात. ३२ मिलिमीटरचा गोळा प्रत्येक पावलाला वाटीत साधारण ४० अंश पुढे जातो आणि तेवढाच मागे येतो. म्हणजे पृष्ठभागावर सुमारे २२ मिलिमीटर घसरण. वर्षाची बेरीज चोवीसएक किलोमीटर, आणि अकरा वर्षांत अडीचशे किलोमीटरच्या पुढे. तेही कोरडं किंवा रिकामं नाही. साधं चालतानाही खुब्यावर अंगाच्या वजनाच्या अडीचपट भार येतो. तुमच्या हाताखालच्या कुठल्या बुशनं एवढं काम केलं असतं, तर तुम्ही त्याला शाबासकीच दिली असती.

आता झीज बघा. वहिनींच्या खुब्यात आहे तसल्या क्रॉसलिंक्ड पॉलिइथिलीनमध्ये गोळा वर्षाला साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर आत जातो, पुष्कळदा त्याहूनही कमी. जुन्या साध्या पॉलिइथिलीनमध्ये हाच आकडा ०.१ मिलिमीटरच्या आसपास असायचा, काहींच्या बाबतीत त्याच्या दुप्पट. ०.०२ धरला, तर पावलं सहा हजारांवरून दीड हजारांवर आणून तुम्ही वर्षाला जे वाचवताय ते ०.०१५ मिलिमीटर. डोक्याचा एक केस त्याच्या चार-पाचपट जाड असतो.

चाललं की झिजतं, हे तुमचं म्हणणं खोटं नाही. झीज वर्षांवर अवलंबून नसते, वापरावर असते, आणि तुम्ही नेमकं तेच धरून बसला आहात. पण लायनरची, म्हणजे धातूच्या वाटीत बसवलेल्या प्लास्टिकच्या अस्तराची, जाडी सहा मिलिमीटर धरली तर या वेगानं ती संपायला तीनशे वर्षं लागतील. मग तुमच्या परिचितांचा खुबा २६ वर्षांत का उघडावा लागला? या प्रश्नाच्या उत्तरात तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेअरिंग झिजलं की काय होतं? क्लिअरन्स वाढतो, प्ले येतो, आवाज येतो, शाफ्ट हलायला लागतो. कृत्रिम सांध्यात बहुतेक वेळा असं होत नाही. तिथे त्रास झिजून गेलेल्या जागेचा नसतो, झिजून *बाहेर पडलेल्या भुकटीचा* असतो. यंत्रात तुम्ही ती भुकटी तेलाबरोबर काढून टाकता, फिल्टर बदलता. शरीरात ड्रेन प्लग नाही. पॉलिइथिलीनचे कण बहुतांशी एका मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) लहान असतात आणि नेमका तोच आकार शरीरातल्या भक्षक पेशींना गिळता येतो. जंतू समजून त्या कण गिळतात, पण पॉलिइथिलीन पचवणारं काहीच त्यांच्याकडे नसतं. मग त्या रासायनिक संदेश सोडत राहतात. त्या संदेशांमुळे हाड कुरतडणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि बसवलेल्या सांध्याच्या भोवतालचं स्वतःचंच हाड विरघळवायला लागतात. याला ऑस्टिओलिसिस म्हणतात. सुरुवातीच्या काळात डॉक्टरांना वाटलं की हा दोष हाडात भरलेल्या सिमेंटचा आहे. म्हणून या प्रकाराला "सिमेंटचा आजार" असंही नाव पडलं होतं. पुढे सिमेंट न वापरता बसवलेल्या खुब्यांभोवतीही हाड जायला लागलं, तेव्हा बोट भुकटीकडे वळलं.

संख्येची कल्पना यावी म्हणून आणखी एक हिशेब. ३२ मिलिमीटरचा गोळा वर्षाला ०.१ मिलिमीटर आत गेला, तर सुमारे ८० घन मिलिमीटर प्लास्टिक सुटतं. एका लहान चिमटीत मावेल इतकंच. पण ते सगळं अर्ध्या मायक्रॉनच्या कणांत वाटलं तर संख्या एक लाख कोटींच्या पुढे जाते, म्हणजे एका पावलामागे दहा लाखांहून जास्त कण. सगळे कण इतके एकसारखे नसतात, तेव्हा हा आकडा ढोबळच समजा. तरी जुन्या प्लास्टिकच्या खुब्यात शरीराला रोज कशाला तोंड द्यावं लागायचं, हे यावरून लक्षात येईल. वर्षाला ०.१ मिलिमीटरच्या वर झीज असली की हाड विरघळण्याचा धोका वाढतो, आणि ०.०५ च्या खाली तो क्वचितच दिसतो, असा अभ्यासकांचा अनुभव आहे. वहिनींचं लायनर या दुसऱ्या गटातलं आहे. तुमच्या परिचितांचं २६ वर्षांपूर्वीचं लायनर बहुधा पहिल्या गटातलं असावं. दोघांची तुलना करून तुम्ही घरात नियम लावलात, आणि माझ्या मते चूक तिथेच झाली.

दुसरी गोष्ट अशी की घर्षण आणि झीज या एकच गोष्टी नाहीत. कामाच्या जागी आपण दोन्ही शब्द एका श्वासात घेतो, आणि सांध्याच्या बाबतीत त्यानंच घात केला आहे. इंग्लंडमधल्या रायटिंग्टन इस्पितळात जॉन चार्नली नावाचे शल्यविशारद १९५० च्या दशकाच्या शेवटी हाच विचार करत होते. त्यांना सगळ्यात निसरडा पदार्थ हवा होता. टेफ्लॉनपेक्षा निसरडं त्या वेळी काय होतं? त्यांनी टेफ्लॉनची वाटी केली, आत धातूचा गोळा बसवला. रुग्ण उठून चालायला लागले, दुखणं गेलं, सगळे खूश. जवळपास ३०० रुग्णांना असे खुबे बसवले गेले. आणि दोन-तीन वर्षांत गोळे वाट्या पोखरत आत शिरले, भोवती टेफ्लॉनच्या भुकटीच्या गाठी झाल्या, एकेक खुबा परत उघडावा लागला. पदार्थाचं घर्षण सर्वांत कमी होतं, आणि झीज मात्र भयंकर. चार्नलींनी टेफ्लॉनचा नमुना स्वतःच्या मांडीत घालून घेतला आणि शरीर त्याला काय करतं ते स्वतःवर पाहिलं. ही गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे, आणि दर वेळी सांगताना त्या माणसाविषयीचा आदर वाढतो.

पुढचं तुम्हाला अधिक आवडेल, कारण त्यात तुमच्याच जातकुळीचा एक माणूस आहे. चार्नलींच्या कार्यशाळेत हॅरी क्रेव्हन नावाचे तंत्रज्ञ होते. १९६२ मध्ये एक विक्रेता त्यांच्याकडे एका नव्या प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. हे प्लास्टिक कापडाच्या मागांच्या दातेरी चाकांसाठी वापरलं जायचं. चार्नलींनी नखानं दाबून पाहिलं आणि याचा उपयोग नाही म्हणून सोडून दिलं. क्रेव्हननी तरीही तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस यंत्र चाललं, आणि तेवढ्यात झालेली झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेहूनही कमी निघाली. ते होतं अतिउच्च रेणुभाराचं पॉलिइथिलीन. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चार्नलींनी त्याची वाटी वापरायला सुरुवात केली. आज वहिनींच्या खुब्यात जे आहे, ते त्याच तुकड्याचं सुधारलेलं रूप. टेफ्लॉनपेक्षा ते कमी निसरडं आहे, आणि तरीही तेच टिकलं.

सुधारलं कसं, हे सांगायचा मोह मला आवरत नाही. झिजेचा नियम तुम्हाला माहीत असेलच: भार गुणिले घसरलेलं अंतर, भागिले कठिणपणा. १९५३ साली आर्चर्ड यांनी मांडलेला. या नियमात दिशा कुठेच नाही. पॉलिइथिलीनला मात्र दिशा कळते. त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब धागे. एकाच रेषेत पुढेमागे घासलं, तर ते धागे घासण्याच्या दिशेनं आडवे होऊन विंचरल्यासारखे ओळीत बसतात आणि त्या दिशेला पृष्ठभाग आणखी मजबूत होतो. सरळ रेषेतल्या चाचण्यांमध्ये झीज जवळजवळ दिसतच नसे, आणि लोक त्या आकड्यांवर विश्वास ठेवत. पण खुबा सरळ रेषेत चालत नाही. पाऊल टाकताना गोळ्यावरचा प्रत्येक बिंदू वाटीत लंबगोलासारखी वाट काढतो. ओळीत बसलेल्या धाग्यांना आडवा धक्का बसतो आणि ते बाजूबाजूनं सुटतात. सुटलेला तो धागा म्हणजेच कण. हे ध्यानात आल्यावर उपाय सुचला: धागे एकमेकांना आडवे बांधून टाकायचे. ५० ते १०० किलोग्रे (किलोग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) एवढा गॅमा किंवा इलेक्ट्रॉन किरणांचा मारा केला की धाग्यांत आडव्या गाठी पडतात. क्रॉसलिंक्ड म्हणतात ते हेच.

यातली वेदनादायक बाब अशी की त्याच गॅमा किरणांनी आधी बरीच वर्षं नुकसान केलं होतं. निर्जंतुक करण्यासाठी लायनर हवाबंद नसलेल्या पाकिटात ठेवून त्यावर २५ ते ४० किलोग्रेचा मारा व्हायचा. किरणांनी रेणू तुटायचे, आणि तुटलेल्या टोकांना हवेतला ऑक्सिजन चिकटायचा. कपाटात नुसतं पडून राहिलं तरी प्लास्टिक आतून ठिसूळ व्हायचं. शरीरातून परत काढलेला असा एक गुडघ्याचा तुकडा मी हातात घेतला आहे. कापून पाहिला तर पृष्ठभागाच्या किंचित खाली पांढरा पट्टा, आणि वरचा थर रंगाच्या पापुद्र्यासारखा सुटलेला. गुडघ्यात हे जास्त दिसायचं, कारण तिथे गोळा-वाटी अशी घट्ट जुळणी नसते. भार लहान जागेवर एकवटतो आणि पुढेमागे सरकतो, त्यामुळे थकव्यानं तडे पडतात. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पाकिटातली हवा काढून टाकायला सुरुवात झाली, आणि दशक संपता संपता क्रॉसलिंक्ड प्लास्टिक वापरात आलं. त्यात किरणांनंतर प्लास्टिक तापवून ती मोकळी टोकं बुजवतात. काही नव्या प्रकारांत त्यासाठी ई जीवनसत्त्व मिसळतात. वहिनींचं लायनर या सगळ्या चुका समजून घेतल्यानंतरचं आहे.

आता वंगण.

असं इंजेक्शन देऊ नका, आणि कुणी सुचवलं तर तुमच्या सर्जनला विचारल्याशिवाय सुई आत जाऊ देऊ नका. स्वतःच्या, झिजत चाललेल्या गुडघ्यात देतात ती जेलची इंजेक्शनं कृत्रिम सांध्यासाठी नसतात. बदललेल्या सांध्यात सुई घालणं म्हणजे जंतूंना वाट मोकळी करून देणं, आणि तिथला संसर्ग झिजेपेक्षा कितीतरी वाईट. शिवाय ग्रीसची गरजच नाही. शस्त्रक्रियेनंतर भोवती नवं आवरण तयार होतं आणि ते स्वतःचा द्रव पाझरवतं. निरोगी कूर्चेइतकं सुरेख वंगण त्यातून मिळत नाही, हे मात्र खरं. कूर्चेचा घर्षणांक ०.०१ च्याही खाली जाऊ शकतो. धातू आणि पॉलिइथिलीनच्या जोडीत तो साधारण ०.०५ ते ०.१ असतो. पृष्ठभाग पूर्णपणे द्रवावर तरंगत नाहीत, उंचवटे एकमेकांना लागतात, आणि मधे प्रथिनांचा पातळ थर काम करतो. प्रयोगशाळेत आम्ही म्हणूनच साधं पाणी कधी वापरत नाही, बैलाच्या रक्तातलं सीरम ३७ अंशांवर ठेवून वापरतो. पाण्यात झीज वेगळ्याच प्रकारची होते आणि आकडे फसवतात. आकडे फसवण्यावरून आठवलं: यंत्रावरून काढलेला लायनर तोलला की कधी कधी तो आधीपेक्षा *जड* भरतो, कारण प्लास्टिकनं द्रव शोषलेला असतो. त्यासाठी न चालवलेला एक जोडीदार तुकडा तितकेच दिवस द्रवात बुडवून ठेवावा लागतो आणि त्याचं वाढलेलं वजन वजा करावं लागतं. नवीन माणसाला ही गोष्ट सांगितली नाही, तर तो झीज शून्य आली म्हणून आनंदानं नाचत येतो.

एक्स-रेच्या बाबतीतही असाच एक सापळा आहे. पहिल्या एक-दोन वर्षांत गोळा थोडा आत गेलेला दिसतो. त्यातली बरीचशी झीज नसते, भाराखाली प्लास्टिक दबून बसलेलं असतं. तुमच्या भाषेत बेडिंग-इन. म्हणून सुरुवातीच्या आणि आताच्या अशा दोनच फिल्मवरून वेग काढला तर तो उगाच जास्त भरतो. मधली, चार वर्षांच्या सुमाराची फिल्म तुमच्याकडे असणार. ती नक्की बरोबर न्या.

तिसरा प्रश्न, आधीच बदलून टाकण्याचा. पंप बंद पडायच्या आधी शटडाऊनमध्ये बुश बदलणं हे शहाणपण आहे, कारण केसिंग उघडल्यानं केसिंगचं काही बिघडत नाही. माणसाचं बिघडतं. खुबा दुसऱ्यांदा उघडला की स्नायू पुन्हा कापले जातात, निखळण्याचा आणि संसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो, आणि घट्ट बसलेला भाग काढावा लागला तर हाडही जातं. चांगला चालणारा खुबा केवळ वय झालं म्हणून कुणी जबाबदार सर्जन उघडणार नाही. मात्र झीज वाढल्याचं किंवा हाड विरघळायला लागल्याचं वेळेवर दिसलं, आणि धातूची वाटी व दांडा हाडात पक्के असले, तर नुसतं लायनर आणि गोळा बदलून भागू शकतं. उशीर झाला, हाड गेलं, वाटी हलली, की तीच शस्त्रक्रिया कित्येक पटींनी मोठी होते. आणि हाड विरघळताना बहुतेकदा *दुखत नाही*. "दुखत काहीच नाही, त्यामुळे एक्स-रे काढलेला नाही" हे तुमचं वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं होतं. बेअरिंग आवाज करून सांगतं. हे हाड सांगत नाही. कण द्रवाबरोबर जिथे वाट मिळेल तिथे जातात, वाटीच्या मागच्या स्क्रूच्या भोकांमधूनही, आणि तिथे शांतपणे पोकळी तयार होत जाते. पुढे एखाद्या साध्या धडपडीत त्या पोकळीपाशी हाड मोडतं, तेव्हा कळतं.

सिरॅमिकबद्दल थोडक्यात. अल्युमिनाचा खुबा पिअर बूतँ यांनी फ्रान्समध्ये १९७० मध्येच वापरला होता. आजचं सिरॅमिक फार चांगलं आहे. गुळगुळीत, चरे न पडणारं, झीज अगदी कमी. त्याच्याही खोडी आहेत: सिरॅमिकवर सिरॅमिक असेल तर काहींच्या खुब्यातून करकर आवाज येतो, आणि क्वचित ते फुटतं. फुटल्यावर बारीक किरचा मागे राहतात आणि पुढे बसवलेला धातूचा गोळा खरवडून काढतात. पहिल्यांदा खुबा बदलायचा असता तर हा पर्याय तुम्ही जरूर चर्चेला घेतला असता. चालू असलेला खुबा त्यासाठी उघडायचा नाही. "नवीन ते चांगलं" याची मोठी किंमत लोकांनी मोजलेली आहे. धातूवर धातू असे मोठ्या गोळ्यांचे खुबे आले, तेव्हा झिजेचं घनफळ पॉलिइथिलीनपेक्षा पुष्कळ कमी होतं आणि कागदावर सगळं उत्तम होतं. पण सुटणारे कण मायक्रॉनच्याही शेकडाव्या भागाइतके बारीक, संख्येनं प्रचंड, आणि त्यांतून कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरायला लागलं. काही जणांच्या खुब्याभोवतीचे स्नायू कुजले. २०१० मध्ये त्यांतला एक गाजलेला खुबा जगभरातून परत मागवावा लागला. झीज किती, एवढंच विचारून भागत नाही. काय झिजलं आणि शरीर त्याचं काय करतं, हेही विचारावं लागतं.

वहिनींचा गोळाही कोबाल्ट-क्रोमचाच आहे, म्हणून घाबरू नका. तो प्लास्टिकवर चालतोय. फक्त गोळा दांड्याच्या निमुळत्या टोकावर घट्ट दाबून, म्हणजे टेपरनं, बसवलेला असतो, आणि टेपर फिट म्हटलं की तुम्हाला फ्रेटिंग, म्हणजे सूक्ष्म हालचालीनं होणारी झीज, आठवेल. मायक्रॉनभर हालचाल, खारट द्रव, दोन वेगळे धातू. काही थोड्या लोकांत तिथे गंज धरतो. जांघेत नवीन दुखणं किंवा सूज आली, तर रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम तपासतात. आज तसं काही नाही, तेव्हा डॉक्टरांना हा प्रश्न नुसता विचारून ठेवा.

मग जपायचं काय? पडणं. काही रुग्णांच्या खुब्यातच मोजयंत्र बसवून घेतलेल्या मोजमापांत नुसतं अडखळताना अंगाच्या वजनाच्या आठपटीहून जास्त भार नोंदला गेला आहे. हजारो शांत पावलांनी होणार नाही ते एका अडखळण्यात होऊ शकतं. आणि अडखळतं कोण? ज्याचे मांडीचे स्नायू सुटलेत, ज्याचा तोल गेलाय, जो महिनोन् महिने बसून आहे. गोळा वाटीत धरून ठेवण्याचं काम त्याच स्नायूंचं आहे, आणि भार मिळाला नाही की हाडही विरळ होतं. चार महिन्यांत तुम्ही ०.००५ मिलिमीटर प्लास्टिक वाचवलंत आणि त्या बदल्यात हे खर्च केलंत. हे मी तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. तुम्ही प्रेमापोटीच केलंत, ते पत्रातल्या प्रत्येक ओळीत दिसतं.

किती पावलं शिल्लक आहेत, हा आकडा कुणी देऊ शकणार नाही. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या नोंदींवरून २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अंदाज असा की २५ वर्षांनंतरही ५८ टक्के खुबे जागेवर असतात. २५ वर्षं पूर्ण केलेले ते खुबे अर्थातच जुन्या प्लास्टिकच्या काळातले. वहिनींनी त्याहून बरी आशा धरायला हरकत नाही.

डॉक्टरांकडे जाताना कार्ड आणि सगळ्या जुन्या फिल्म न्या. नवीन एक्स-रे शक्यतो जुन्यासारख्याच स्थितीत काढायला सांगा, म्हणजे तुलना होते. गोळा वाटीच्या मध्याशी आहे की वर सरकलाय, वाटीमागे किंवा दांड्याशेजारी हाडात काळी पोकळी दिसते का, हे स्पष्ट विचारा. शंका आली तर ते सीटी स्कॅन सांगतील, कारण वाटीमागची पोकळी साध्या फिल्मवर लपते. पुढची तपासणी कधी, ते त्यांच्याकडून तारखेसह लिहून घ्या. तुम्ही आयुष्यभर लॉगबुक ठेवलंत, हेही त्यातच चढवा. मधल्या काळात जांघेत किंवा मांडीत नवीन दुखणं, पाय आखूड वाटणं, खरखर किंवा निसटल्यासारखं वाटणं, ताप, जखमेजवळ लाली, यांतलं काहीही झालं तर तारखेची वाट बघू नका.

आणि वहिनी, ही शेवटची ओळ तुमच्यासाठी. चार महिन्यांचा खंड पडलाय, तेव्हा पहिल्या दिवशी सहा हजार नको. एक्स-रे होईपर्यंत सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं, चांगल्या पकडीचे बूट घालून, आणि डॉक्टरांनी फिल्म बघून हो म्हटलं की दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत न्या. यांनाही सोबत घेऊन जा.